आत्याची तेलाची कॅन

आमच्या धामणगाव बढे गावात समुद्र ही टीव्हीवर दिसणारी वस्तू. तिथून उठून मी कोकण किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत लागलो, समुद्रातल्या स्पंजांपासून कर्करोगावरचं औषध शोधायला. गावानं परस्पर ठरवलं की पोरगं मासळी खात्यात लागलं.

स्पंज हा खडकाला चिकटून राहणारा जीव. पळता येत नाही, म्हणून विष तयार करतो. ते विष वेगळं काढायचं आणि कर्करोगाच्या पेशींवर टाकून बघायचं, एवढंच आमचं काम. बहुतेक वेळा पेशी मजेत राहतात. एकदा मात्र माझ्या अर्कानं त्या पटापट मेल्या आणि मी ते घरी फोनवर सांगून बसलो.

पुढच्या सुट्टीत पाहतो तर बसस्टँडवर माझा फ्लेक्स. शाळेच्या पटांगणात शाल, श्रीफळ, आणि मला विज्ञानात ‘ढ’ म्हणणाऱ्या सरांचंच कौतुकाचं भाषण. मीही बोललो. औषध व्हायला अजून बरीच वर्षं लागतील, न होण्याचीच शक्यता जास्त, हे सांगायचं राहिलं. टाळ्या पडत असताना अशी वाक्यं आठवत नाहीत.

घरी आल्यावर आत्यानं मला स्वयंपाकघरात नेलं. मला लहानाचं मोठं तिनंच केलेलं. छातीत गाठ लागते म्हणाली.

“आत्या, अकोल्याले जाऊन दाखव.”

“अकोल्याले काऊन? तुहं औषध होऊन राह्यलं ना? मी थांबीन.”

मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. पण अंगावर शाल असताना माणूस फार जोर लावत नाही.

आठ महिन्यांनी माझा पदार्थ शुद्ध होऊन हाती आला. यंत्रातून निघालेला कागद पाहून आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “नमुना कशात ठेवला होतास?”

स्पंज गोळा करताना बोटीवर काचेच्या बरण्या संपल्या होत्या. तेव्हा मी स्पंज आणि स्पिरिट एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं होतं. आत्यानं शेंगदाण्याचं तेल दिलेली पाच लिटरची कॅन, चांगली घासून धुतलेली. स्पिरिटनं त्या प्लास्टिकमधलं रसायन ओढून घेतलं होतं, आणि मी शुद्ध केलं ते तेच. पेशी मारल्या त्या कॅननं. स्पंज बिचारा निर्दोष होता.

मी तसाच गाडी पकडून गावी आलो आणि आत्याला सगळं सांगितलं.

“म्हंजे माह्या कॅननंच घात केला!” म्हणून ती हसत सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी तिला अकोल्याला नेलं. “इतका उशीर का केला?” डॉक्टरांनी विचारलं. आत्यानं पदर सावरला. मी फायलीतले कागद लावत बसलो.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, तरी रोग परत आला. मग डॉक्टरांनी एक वेगळं इंजेक्शन लिहून दिलं आणि सहज म्हणाले, “हे मुळात समुद्रातल्या एका स्पंजात सापडलं.” शोधणारे लोक दुसरे, देश दुसरा. त्यांच्या बरण्या बहुधा काचेच्या असाव्यात.

इंजेक्शन सुरू झालं, तशी आत्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “हे माह्या भाच्यानं शोधेल औषध हाय.” त्या बाईनं मला हात जोडले. खरं सांगायला मी तोंड उघडलं.

आत्यानं सुई नसलेल्या हातानं माझं मनगट दाबलं.

“गप बे,” ती हळूच म्हणाली. “आठ महिने वाट पाह्यली मी. ते फुकट गेले, असं सांगतं का आता तिले?”