राहून गेलेले कान

कार्यालयातल्या वधूच्या खोलीत लेकीचा मेकअप चालला होता आणि मी दाराशी उगाच उभी होते. मेकअपवाली मुलगी ओल्या स्पंजने तिच्या गालांवर, नाकावर थर चढवत होती. "काकू, घाम येऊ दे, रडू येऊ दे, काही हलणार नाही," ती अभिमानाने म्हणाली.

माझ्या लग्नात मावशीने कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू दाबलं, चेहऱ्यावरून पावडर फिरवली, झालं. मी रडले तशी पावडर ओघळली आणि मी किती घाबरलेय ते आईला लांबूनही दिसलं. आता नटायची तऱ्हाच बदलली. चेहरा असा लिंपतात की आतलं काही बाहेर येऊच नये. ही घाबरली की लहानपणापासून आधी नाकाचा शेंडा लाल होतो, मग कान. शाळेच्या पहिल्या दिवशी, दहावीच्या पेपरला, मी तेवढ्यावरून ओळखायचे. आज शेंडा गालांच्याच रंगाचा होता.

"बरं वाटतंय ना गं?"

"हो गं आई," ती आरशातूनच हसली.

खरं हसली की नुसती हसली, कळेना. मुंडावळ्या सारख्या करायच्या निमित्ताने मी जवळ गेले, केसांची बट मागे सारली. कान लालबुंद होते. हात लावला, तर चांगलेच तापलेले.

"अय्या, कान राहिलेच की!" मेकअपवालीने स्पंज उचलला.

मी तिचं मनगट धरलं. "राहू देत," म्हटलं, "तेवढे मला राहू देत."