न वाचलेल्या चार ओळी

माझा मुलगा किहीमला पाहुण्यांसाठी कॅरव्हॅन चालवतो. आत पलंग आहे, शेगडी आहे, हात धुवायला बेसिन आहे. पावसाळ्यात पाहुणे नसतात, म्हणून त्याने विचारलं, आई, तुला कुठे जायचंय का? मला कुणाकडे काही मागायला जमत नाही. पण या वेळी तोंडातून निघून गेलं, तुझे आजोबा ज्या खाणीत होते ते गाव दाखव.

दोन दिवस गाडी चालली आणि काल सकाळी पोचलो. तिकडे पाऊस नव्हता. खाण कधीच बंद झाली आहे. आता लोक तिकीट काढून बघायला येतात. उंच लोखंडी मनोरा, त्याच्यावर गंजलेलं चाक, मागे खाणीतून काढलेल्या राखाडी मातीचे डोंगर आणि त्यांवर चरणाऱ्या शेळ्या. एक म्हातारा, आधी तिथेच कामाला असलेला, मोडक्या हिंदीत माहिती सांगत होता. कामगार ज्यातून खाली उतरायचे तो पिंजरा त्याने दाखवला. मुलगा आत जाऊन उभा राहिला, फोटो काढ म्हणाला. मी काढला.

माझे वडील आधी मिठागरावर होते. मी लहान असताना ते या खाणीत आले. त्यांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचे. आईला वाचता येत नाही. मी चौथीत होते, म्हणून घरात पत्र वाचायचं आणि उत्तर लिहायचं काम माझं. ओट्यावर बसून मी मोठ्याने वाचायची, आई तांदूळ निवडत ऐकायची.

एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की पिंजऱ्यात बसून जमिनीच्या पोटात उतरतो, दिवसभर दिवा लावावा लागतो. त्यानंतरचं पत्र आलं त्यात शेवटी चार ओळी होत्या. तिसऱ्या रांगेत शेवटची खोली मिळाली आहे. दोघी मायलेकी निघून या. शाळा जवळ आहे. येणार की नाही ते लगेच कळवा.

मला वाटलं, ती खोली खालीच आहे, जमिनीच्या पोटात. शाळाही तिथेच. मिठागराच्या उघड्यावर वाढलेली मी, मला दुसरं काही सुचलंच नाही. मी त्या ओळी आईला वाचून दाखवल्या नाहीत. तब्येतीस जपा, एवढं म्हणून पत्राची घडी घातली. आईने सांगितलं ते उत्तर लिहिलं, की आम्ही बऱ्या आहोत, भाताची लावणी झाली. खोलीबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

मग पत्रं कमी झाली. दीड वर्षाने ते तिथेच तापाने गेले. निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

काल त्या म्हाताऱ्याने कामगारांच्या खोल्या हाताने दाखवल्या आणि मी पुढे चालू लागले. मुलगा मागून हसला, "आई, तू तर इथं राहिल्यासारखी चाललीयस."

तिसरी रांग टेकडीच्या चढावर आहे. शेवटच्या खोलीला निळं दार, पुढे पायरी, पायरीशी नळ. मोठी खिडकी आहे. एक बाई उन्हात मिरच्या पसरत होती, तिने खुणेने आत बोलावलं. माझ्याने आत जाववलं नाही. पायरीवरूनच बघितलं, आत भिंतीपर्यंत ऊन आलं होतं. पलीकडच्या पटांगणात पोरं शाळेच्या रांगेत उभी होती.

संध्याकाळी घरून आईचा फोन आला. ती आता खूप थकली आहे, पण मी कुठे गेलेय ते तिला माहीत होतं. जेवलात का, पोर गाडी सांभाळून चालवतो का, असं विचारून झालं. मग म्हणाली, "माणसं ऱ्हायची कुठं गो तिथं?"

मी सांगितलं, चांगल्या खोल्या आहेत, खिडक्या आहेत, दारात नळ आहे.

ती म्हणाली, "मंग त्यानं आपल्याला का न्हाय बोलावलं?"

इतक्या वर्षांत तिने हे कुणाला विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, तिकडे दुसरं घर केलं असेल, तेव्हाही ती गप्प राहायची.

"बोलावलं व्हतं, आये," मी म्हटलं. "मी वाचलं न्हाय."

मग त्या चारही ओळी तिला सांगितल्या. पाठ आहेत. मला काय वाटलं होतं तेही सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच विचारलं, "मंग किती दिस वाट बघितली असंल गो त्यानं?"

तिने फोन ठेवला. नंतर मी दोनदा लावला, उचलला नाही.

आज परत निघालो आहोत. मुलगा दर तासाभराने विचारतो, आई, चहाला थांबायचं का. मी हो म्हणते. पुढच्या गावालाही हो म्हणते.