कुंकू लावलेल्या नळ्या

के. आर. पुरमची कौशल्या अक्का एका प्रयोगशाळेत नऊ वर्षं टेंपररी होती. टेंपररी बायांना कायम करा म्हणून मी संघटना उभी केली, अक्काचंही नाव वहीत घेतलं. आठवड्यात ती आली. "माझं नाव खोड." का म्हणून विचारलं, तर तिनं नळ्यांची गोष्ट सांगितली.

तिचं काम नळ्या धुण्याचं. स्मृती नावाची संशोधक पोरगी लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या कॅन्सरच्या गाठींतून आरएनए काढायची. ती ज्याच्या मागे होती तो आरएनए प्रथिनं बनवत नाही, म्हणून भले भले त्याला भंगार समजत. पण कित्येक गाठींत तोच गप्प पडलेला असतो. गाठीच्या पेशींत परत घातला तर वाढ मंदावते, असं परदेशात दिसलं होतं. नाजूक एवढा की उघडं बोट लागलेल्या नळीतही त्याचे तुकडे पडतात. म्हणून काचेच्या नळ्या धुऊन, आठ तास ओव्हनमध्ये भाजून, फॉइलमध्ये गुंडाळायच्या. अक्का हातमोज्याशिवाय फॉइललाही शिवत नसे.

पंच्याण्णवची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. यंत्रांना हार, फ्रीजला कुंकू. अक्कानं आपलं आयुध म्हणून भाजलेल्या नळ्या मांडल्या, एकेकीच्या तोंडाला बोटानं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसून, न भाजताच परत गुंडाळल्या.

"आणि हातमोजे?" मी विचारलं.

"हातमोजे घालून पूजा करतात होय रे? तुझी आई करायची?"

सहा मुलांच्या गाठींतला आरएनए नासला. प्रयोगशाळेचे प्रमुख गिरीराज सर स्मृतीला म्हणाले, "तुला स्वच्छ काम जमत नाही. महिनाभरात निकाल नाही आला तर घरी जा."

अक्का ट्रे घेऊन दारातच उभी. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर पोरगी. आठ दिवस तिला जेवण गेलं नाही. मग तिनं सरांना सांगून टाकलं.

सरांनी दार लोटलं. "पूजा मीच करायला लावली होती. बाहेर बोलू नकोस, लोक हसतील. सरी, ठीक आहे, जा."

स्मृतीलाही तिनंच सांगितलं. पोरीनं उठून फ्रीज उघडला. आत गाठींचे थोडे तुकडे उरले होते. "अक्का, नव्यानं भाजून द्या," एवढंच म्हणाली. महिन्याच्या आत निकाल आला, पोरगी वाचली.

"मग नाव का खोडू?" माझा आवाज चढला.

"सर काल म्हणाले, संघटनेत गेलीस तर नळ्यांचं प्रकरण कागदावर येईल, नोकरी जाईल. माझ्याच तोंडानं कबूल केलेलं आहे ते."

"पूजा त्यांनीच करायला लावली ना?"

"साक्षीला कोण? स्मृती? तिला अजून दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली काढायचीत."

मी वही उघडली. पेन तिनंच घेतलं आणि स्वतःच्या नावावर दोनदा रेघ ओढली.