त्याचं म्हणणं तोच सांगेल

दोघी बहिणींत थोरलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि धाकटीला गप्प बसता येत नव्हतं. त्यांची आई बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर काम करायची. दिवसभर काचेतून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की घरातही ती कुजबुजली तर शेजारचे दार उघडून बघायचे. थोरली लवकर कामाला लागली. एका चष्म्याच्या कारखान्यात ती भिंगं घासायची. धाकटी कायदा शिकायला गेली.

थोरलीशी बोलता बोलता धाकटीला खुणांची भाषा बोलण्याच्या आधीच आली होती. त्यामुळे दवाखाना असो, बँक असो, दुकान असो, थोरलीबरोबर धाकटी ठरलेली. लोक थोरलीकडे बघायचेच नाहीत. "हिला विचार कधीपासून दुखतंय," असं धाकटीलाच म्हणायचे. एकदा दवाखान्यातून परतताना थोरली रस्त्यात थांबली आणि हातवारे करत तिच्यावर अशी बरसली, की येणारे जाणारे बघत राहिले.

"मी डॉक्टरांना पाच गोष्टी सांगितल्या. तू दोनच सांगितल्यास!"

"बाकीच्या महत्त्वाच्या नव्हत्या."

"कोणी ठरवलं? माझं बोलणं सांगताना दर वेळी तू त्यात तुझं मीठ घालतेस!"



कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मोठमोठ्या वकिली कंपन्या मुलं निवडायला आल्या. धाकटीचं नाव पहिल्याच यादीत लागलं. आईने खिडकीवरच्या सगळ्यांना सांगून टाकलं. आणि आठवड्याभरात धाकटीने ती नोकरी नाकारली. तिने शिष्यवृत्ती घेतली एका वर्षाची. काम मोफत कायदा मदत केंद्रात, पगार कंपनीतल्या पगाराचा चौथा हिस्सा, वर्षानंतरचं काही ठरलेलं नाही.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" आईने विचारलं.

"आहे. म्हणून तर."

"लोक वकील होतात ते मोठं व्हायला!"

"मी वकील झाले ते भांडायला. भांडणाचे पैसे देणारा पक्ष नेहमी एकच असतो, आई. मला दुसऱ्या बाजूने भांडायचंय."

आई दोन दिवस बोलली नाही. तिच्यासारखीने दोन दिवस गप्प बसणं म्हणजे घरात बंदच. शेवटी थोरलीने मध्ये पडून आईला खुणावलं, "जाऊ दे तिला. कंपनीत गेली असती तर त्यांनीच हाकललं असतं."

केंद्र म्हणजे कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका छापखान्यावरच्या दोन खोल्या. खालची यंत्रं सुरू झाली की वरची टेबलं थरथरायची, चहाच्या कपात लाटा उठायच्या. केंद्र चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केस कापलेल्या, चष्मा कायम कपाळावर. पहिल्या दिवशी त्यांनी धाकटीला खुर्ची दिली आणि सांगितलं, "हिचा एक पाय लंगडा आहे. सवय होईल. इथे सगळ्याचाच एक पाय लंगडा आहे."

तिथे तिला सुताराची केस मिळाली.

सुतार कच्चा कैदी होता. चार महिने तुरुंगात, आणि खटला अजून सुरूच झालेला नाही. आरोप असा, की फुटपाथवरचं दुकान हटवायला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने ढकलून पाडलं. सरकारी कामात अडथळा, वर मारहाण. कागदांवर त्याच्याबद्दल एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: आरोपी उत्तर देत नाही. कोणी लिहिलं होतं उद्धट आहे, कोणी लिहिलं होतं वेड्याचं सोंग घेतो. एका ठिकाणी मात्र कोपऱ्यात होतं, 'मुका-बहिरा असावा.' असावा! चार महिन्यांत कोणी खात्रीही करून घेतली नव्हती.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत ती त्याच्यासमोर बसली आणि हातांनी म्हणाली, "नमस्कार. मी तुमची वकील."

तो नुसता बघत राहिला. चाळिशीचा माणूस, रुंद पंजे, डाव्या अंगठ्याचं नख कधीतरी करवतीने गेलेलं. मग त्याचे हात सुटले. बांध फुटावा तसा तो बोलत होता, आणि दारातला शिपाई आ वासून बघत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आरोप काय आहे. अटकेनंतर कोर्टात नेलं, तेव्हा मेहुण्याला शेजारी उभं केलं. साहेब मेहुण्याला काहीतरी विचारत होते आणि मेहुणा मान डोलवत होता. "त्याला माझी भाषा येत नाही," सुतार म्हणाला. "जेव, बस, ये, जा, एवढंच येतं. तो कशाला हो म्हणाला?"

कशाला, ते धाकटीने कागदांवर वाचलं होतं. चूक झाली असं सुताराच्या वतीने मेहुणा बोलून गेला होता.

तारखेच्या दिवशी सरकारी वकिलांनी तिला व्हरांड्यात गाठलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "गुन्हा कबूल करू दे ना त्याला. जेवढा आत राहिलाय तेवढीच शिक्षा मागतो मी. आजच घरी जाईल. तुम्ही नवीन आहात, पहिल्याच केसमध्ये माणूस सुटला म्हणजे बरं दिसतं."

"त्याने ढकललंच नसेल तर?"

"अहो, घरी जातोय ना तो!"

आत गेल्यावर तिने आधी जामीन मागितला. आरोपी हिंसक असल्याचा अहवाल आहे म्हणून तो नाकारला गेला. मग तिने दुभाषी मागितला. न्यायाधीशांनी वर पाहिलं. त्यांच्यासमोर फायलींचा ढीग होता आणि बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती.

"दुभाषी कुठून आणायचा? या कोर्टात तशी सोय नाही. तुम्हाला येते ना ती भाषा? आताच बोलत होतात त्यांच्याशी."

"येते, साहेब."

"मग गुन्हा कबूल आहे का ते विचारा आणि सांगा. दहा मिनिटांचं काम."

"नाही साहेब. मी ते करणार नाही."

सरकारी वकिलांनी डोळे मिटले. टंकलेखकाची बोटं थांबली.

"मी त्यांची वकील आहे," धाकटी म्हणाली. "मीच त्यांची जीभ झाले तर वकील कोण? आणि मी सांगितलं ते बरोबर की चूक, हे तपासणार कोण? साहेबांना ही भाषा येत नाही, समोरच्या वकीलसाहेबांना येत नाही. मी मनाला येईल ते सांगीन. मागच्या वेळी मेहुण्याने सांगितलं, या वेळी मी. त्यांचं म्हणणं त्यांनी सांगायचं राहिलंच."

"तुम्ही कोर्टाला नकार देताय?"

"हो, साहेब. आणि तशी नोंद घ्यावी अशी विनंती आहे."

न्यायाधीश संतापले. वकील सहकार्य करत नाहीत, असं त्यांनी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. सुतार पुन्हा तुरुंगात गेला.

हे असं होऊ शकतं, कबुलीचा सौदाही पुढे येईल, हे तिने आदल्या भेटीतच त्याच्यापुढे मांडलं होतं. काही न लपवता, काही न गाळता. "मी दुभाषी झाले तर कदाचित लवकर सुटाल. कबूल केलंत तर नक्कीच. नाही म्हटलं तर किती दिवस लागतील, मला माहीत नाही. दिवस तुमचे जाणार आहेत, माझे नाही. म्हणून तुम्ही ठरवा."

सुतार म्हणाला होता, "आयुष्यभर लोकांनी माझ्या वतीने हो म्हटलं. एकदा मला नाही म्हणू दे."

कोर्टाकडून तिच्याविरुद्ध तक्रार गेली ती दोन दिवसांतच. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी खुलासा मागवला. केंद्रावर वाईट छाप पडली, असं दोन ज्येष्ठ वकील बाईंना ऐकवून गेले. बाईंनी तिला समोर बसवलं. खाली यंत्रं धडधडत होती, म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि त्यामुळे त्या होत्या त्याहून चिडलेल्या वाटत होत्या.

"तुझी शिष्यवृत्ती जाऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय."

"माफी मागणार आहेस?"

"नाही."

"बरं," म्हणत बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "मग वरच्या कोर्टात जाऊ. अर्ज तू लिही. रागाने लिहू नकोस. राग मीही वाचलाय पुष्कळ, न्यायाधीशांनीही वाचलाय. असं लिही की नाही म्हणायला त्यांना जागाच उरू नये."

कॉलेजातली दोन मुलं केंद्रात शिकाऊ म्हणून येत. शहरातल्या इतर कोर्टांत असं आणखी कोणाचं झालंय ते शोधायला धाकटीने त्यांना धाडलं. मुलं कारकुनांच्या टेबलांशी बसून बसून कंटाळली, आणि एके दिवशी धावतच जिना चढून आली. एका बहिऱ्या बाईने नवऱ्याविरुद्ध मारहाणीची तक्रार केली होती. तिचा जबाब झाला होता. आणि तो जबाब कोर्टाला समजावून सांगणारा होता तिचा नवराच.

बाईंनी ते वाचलं, नि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हे पहिल्या पानावर घे."

वरच्या कोर्टात धाकटी पहिल्यांदाच उभी राहिली. थोरली कारखान्यातून रजा काढून मागच्या बाकावर बसली होती. बोलता बोलता धाकटीचे हातही चालू होते, नकळत. थोरलीने नंतर सांगितलं, की आज तू काय बोललीस ते मला सगळं कळलं, फक्त जरा घाईत होतीस.

त्या कोर्टाने सुताराला जामीन दिला, आणि खटला चालेल तेव्हा शिकलेला दुभाषी सरकारी खर्चाने द्यायचा, असा हुकूम केला. शहरातल्या सगळ्या कोर्टांसाठीही सोय करा, असं सांगितलं. ती सोय पुढे बरेच महिने कागदावरच राहिली आणि धाकटीला त्यासाठी दोनदा पुन्हा जावं लागलं, ते वेगळं. त्या बहिऱ्या बाईचा जबाब मात्र लगेच नव्याने घेतला गेला. धाकटीविरुद्धची तक्रार कोणी पुढे नेली नाही, मागेही घेतली नाही. ती तशीच लटकत राहिली.

सुताराचा खटला चालला तो त्याच न्यायाधीशांपुढे. दुभाषी म्हणून बहिऱ्या मुलांच्या शाळेतले निवृत्त शिक्षक आले होते. सुताराने सगळं सांगितलं. तो वाकून फळीवर रंधा मारत होता, पाठ रस्त्याकडे. मागून कोणीतरी खांदा धरून ओढला. तो दचकून वळला, कोपर लागलं, मागचा माणूस पडला.

"ते अधिकारी तुम्हाला आधी तीनदा ओरडून सांगत होते, असं म्हणतात," न्यायाधीश म्हणाले.

सुताराने शिक्षकांच्या हातांकडे पाहिलं आणि उत्तर दिलं. शिक्षकांना हसू आवरेना. "ते म्हणतात, ऐकू आलं असतं तर मी वळून नमस्कारच केला असता."

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चेहरा सरळ ठेवला, पण त्यानंतरचे प्रश्न ते शिक्षकांना नाही, थेट सुताराकडे बघून विचारत होते.

तो निर्दोष सुटला. निघताना न्यायाधीश धाकटीला म्हणाले, "फार त्रास देता तुम्ही, वकीलबाई."

"हो, साहेब," ती म्हणाली.

एवढं होऊनही सुताराची हत्यारं पोलीस ठाण्यातच होती, पुरावा म्हणून जप्त केलेली. ती आणायला दोघं गेली. हवालदाराने गोणपाटाचं गाठोडं टेबलावर टाकलं आणि सवयीने धाकटीकडे वळला, "यांना सांगा, इथे सही करा म्हणावं."

सुताराने गोणपाट उलगडला. एकेक हत्यार उचलून धारेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून पाहिलं, बाजूला ठेवलं. सगळं झाल्यावर पुन्हा गोणपाट झटकला. कोरीव कामाची बारीक पटाशी नव्हती. त्याने हवालदाराचं पेन सही न करताच टेबलावर ठेवलं आणि जाऊन भिंतीलगतच्या बाकावर बसला, हाताची घडी घालून.

"अहो मॅडम, एका पटाशीसाठी? किती वेळ बसणार आहेत हे?"

"त्यांना विचारा," धाकटी म्हणाली. तिला साडेतीनला दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. तिने फोन काढून बाईंना कळवलं, उशीर होईल, आणि सुताराशेजारी जाऊन बसली. हवालदार थोडा वेळ दोघांकडे बघत राहिला. मग किल्ल्यांचा जुडगा उचलून, पुटपुटत, मागच्या खोलीकडे गेला.