बोटीचं की रस्त्याचं?

आमच्या घरात सगळ्यात मोठा मान सासऱ्यांच्या नाकाला होता. सासूबाई तर म्हणायच्या, "मी लग्न ह्यांच्याशी केलं, पण संसार त्या नाकाशी." त्यात खोटं काही नव्हतं. धक्क्यावरच्या एकाही बोटीत त्या नाकाने वास घेतल्याशिवाय ऑइल पडत नसे.

धक्क्याच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड. आत लाकडी घोडीवर बोटींची इंजिनं उलट्या टांगलेल्या कोंबड्यांसारखी लटकलेली, आणि कोपऱ्यात पाण्याने भरलेलं पिंप. दुरुस्त झालेलं इंजिन त्या पिंपात बुडवून सुरू करून बघायचं. मी नवी नवरी असताना डबा द्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला एक धडा दिला होता. ही टू-स्ट्रोक इंजिनं. ह्यांच्यात ऑइलची वेगळी टाकी नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, पन्नास लिटरला एक लिटर, आणि ते पेट्रोलबरोबरच जळून जायचं.

"मग कुठलंही घातलं तर काय बिघडलं?" मी विचारलं. तोंड गप्प ठेवणं मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं.

"सूनबाई, स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, म्हणजे तापटच राहतं. बोटीचं पाण्यावर थंड होतं. तापट माणसाचं औषध शांत माणसाला दिलं तर चालेल?"

स्कूटरचं ऑइल बोटीच्या इंजिनात जळताना राख सोडतं. ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांवर बसत जाते. एका फेरीत काही होत नाही. पण साठत साठत एक दिवस इंजिन मध्येच बंद पडतं, आणि आमच्याकडे मध्ये म्हणजे नदीचं मुख. तिथे ओहोटीची ओढ अशी की वल्ही मारून हात तुटतील, बोट मात्र समुद्राकडेच जाणार. माझा नवरा रोज तिथूनच माणसं पलीकडे नेतो.

आता गंमत अशी की दोन्ही ऑइलं निळी असू शकतात. दुकानदार मोठ्या पिंपातून सुटं ऑइल देतो, बोटवाले आपापल्या जुन्या कॅनमधून आणतात, त्यावर ना चिठ्ठी ना नाव. सासरे झाकण उघडायचे, नाक लावायचे आणि एकच शब्द बोलायचे. "बोटीचं." किंवा "रस्त्याचं." रस्त्याचं म्हटलं की तो कॅन मुकाट्याने परत जायचा. एकदा त्यांनी "बोटीचं आहे, पण रॉकेलशेजारी ठेवलं होतं" असं सांगितलं आणि तो बोटवाला त्यांच्याकडे आ वासून बघतच राहिला. मीही राहिले. देवाने एखाद्याला किती द्यावं!

मग सासऱ्यांना ताप आला. साधा ताप, पण आठवडाभर अंथरुणाला खिळून होते. उठले, कामाला लागले, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

एका सकाळी मी मागे कपडे धूत होते. करपलेल्या दुधाचा वास आला म्हणून धावत आत आले, तर स्वयंपाकघरात धूरच धूर, आणि सासरे शेगडीपासून हातभर अंतरावर पाठ करून शब्दकोडं सोडवतायत.

"बाबा, दूध!"

"काय झालं दुधाला?"

मला शंका आली. दुपारी फिनेलची बाटली उघडून मी गुपचूप त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ते मान न वळवता म्हणाले, "मागे कोण उभंय ते कळतं मला, सूनबाई. हातात काय आहे, ते नाही कळत."

मी बाटलीला बूच लावलं. "मग धक्क्यावर कसं करताय?"

"रंग बघतो. बोटांवर चोळून बघतो. वास येईल परत. कुणाला सांगू नकोस, एवढं ऐक."

मी ऐकलं. पण नवरा घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

काही दिवसांनी मी डबा घेऊन शेडवर पोचले, तर बोटवाल्यांची रांग लागलेली. दुकानात ऑइलचं आणखी एक नवं पिंप उघडलं होतं, तापानंतरचं दुसरं. सासऱ्यांनी दोघांना होकार दिला आणि माझ्या नवऱ्याचा कॅन उघडला. वारा माझ्या दिशेने होता. तो वास आला आणि मला माझ्या भावाची जुनी स्कूटरच समोर दिसली. लग्न झाल्यापासून ह्या घरातले ऑइलचे कपडे मीच धुतेय. बोटीच्या ऑइलचा वास माझ्या हातांना पाठ आहे. हा तो नव्हता.

आता बोलावं, तर ज्या माणसाच्या शब्दावर सगळा धक्का चालतो त्याची चार लोकांत शोभा. न बोलावं, तर माझाच नवरा ते ऑइल घालून निघणार. माझ्या तोंडून फक्त "बाबा" एवढंच निघालं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग झाकण घट्ट लावलं आणि उभे राहिले.

"ऐका रे. मला वास येत नाही. तापापासून. तेव्हापासून मी ज्या ज्या कॅनला हो म्हटलं, ते सगळे परत आणा. इंजिनंही आणा. उघडून बघायला हवीत."

रांगेतून खेकडा म्हणतात तो बोटवाला पुढे आला. त्याचं वय सासऱ्यांएवढंच. उभ्या आयुष्यात त्याने कुणाला सरळ उत्तर दिलं नाही, म्हणून हे नाव. "मग इतके दिवस आम्ही कुणाच्या भरवशावर जात होतो?"

"माझ्या," सासरे म्हणाले. "म्हणूनच सांगतोय."

मला वाटलं होतं हा माणूस काहीतरी सबब काढेल. आजवर त्यांचं नाक बघून थक्क झाले होते. त्या दिवशी माणूस बघून झाले.

मग त्यांनी स्टोव्ह पेटवला. दोन चमच्यांत दोन ऑइलं घेतली, एक शेडमधलं खात्रीचं, एक नव्या पिंपातलं, आणि दोन्ही पार जाळली. खात्रीच्या चमच्यात नुसता डाग उरला. दुसऱ्यात बोट फिरवलं, तर बोटाला करडी राख लागली. संध्याकाळपर्यंत ते इंजिनं उघडत बसले. सगळ्यात वाईट प्लग निघाला माझ्या नवऱ्याच्या इंजिनाचा. राखेने त्याची ठिणगीची फट जवळजवळ बुजली होती. सासऱ्यांनी तो लपवला नाही. मुलाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यातल्या ऑइलला मीच हो म्हटलं होतं." नवऱ्याने प्लग बघितला, बापाकडे बघितलं.

"कॅनचा वास हिलाच कळला. उद्यापासून ही वास घेईल, तुम्ही चमच्यात जाळा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुणी फिरकेल असं मला वाटलं नव्हतं. शेडपाशी पहिला खेकडाच उभा होता. त्याने कॅन माझ्यापुढे धरला. मी वास घेतला, धीर करून म्हटलं, "बोटीचं." तो जागचा हलला नाही.

"बाई खरंच सांगत असेल," तो सासऱ्यांना म्हणाला. "पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"अरे, माझं तर गेलं ना सगळं."

"काल कळत नाही म्हणालात की नाही? चारचौघांत? कळत नाही म्हणणाऱ्याचाच होकार मला चालतो. जाळा तुमचा चमचा. मी थांबतो."

सासऱ्यांनी चमचा जाळला. तो निवू दिला. त्यांनी आतून बोट फिरवलं, उजेडात धरलं, आणि म्हणाले, "बोटीचं आहे. जा."

खेकडा गेला. त्याच्यामागोमाग माझ्या नवऱ्याने आपला कॅन बापापुढे धरला.