बूटबाबांची रांग

उन्हाळा असो की धानाचा चिखल, बूटबाबा बूट घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. टाचांना लोखंडी नाल ठोकलेले, त्यामुळे त्यांच्याआधी त्यांचा आवाज यायचा. लांजीजवळच्या आमच्या गावात पटेलांच्या ओसरीसमोरून जाताना आमच्या मोहल्ल्यातली माणसं चपला हातात घेत. बाबा नेमके तिथेच पाय जोरात आपटत. पटेल खवळत, पण बर्म्याची लढाई पाहून आलेल्या माणसाला बोलायची कोणाची छाती नव्हती.

धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ते मोहल्ल्यातल्या पोरांना फौजेच्या भरतीसाठी तयार करत. पळवत, छाती फुगवायला लावत, दात तपासत. पुढे काय काय होणार, तेही आडपडदा न ठेवता सांगत. "डाक्टर कपडे काढून उभं करते. लाजाचं नाही. साहेबाचं आंग बी असंच राह्यते." कोणी विचारलं, फौजेत मारतात का, तर म्हणायचे, "शिव्या भेटते, लय भेटते. पर तिथं साऱ्याईले भेटते. इथं आपल्यालेच भेटते!"

माझे वडील पटेलांचे सालदार. येत्या अक्षय तृतीयेपासून मलाही त्याच कामाला जुंपायचं पटेलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. भरती झालो तरच सुटका होती. चीनच्या लढाईनंतरचे दिवस, बालाघाटला मोठी भरती निघाली. पळण्यात मी पुढे होतो. उंची मोजायला भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि साहेब समोर आले. सवयीनं माझी मान खाली गेली, गुडघे सैल पडले, हात जोडले गेले. डोक्यावर फळी टेकली ती बोटभर कमी. "छोटा है, निकालो," एवढंच ऐकू आलं.

गावी आलो तर बाबांनी मला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं. उंची पुरेपूर भरली. मग ते असे भडकले की शेजारपाजारचे गोळा झाले. "दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. ही वाकाची खोड काहून नाही सोडली? तुले धावाचं शिकवून राह्यलो होतो मी, अन् तुले तं उभंच राहता येत नाही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले बूट माझ्या पायात घातले. मोठे होत होते, म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या. "जा. पटेलाच्या दारासमोरून जा, अन् परत ये." वडील हात जोडून मध्ये आले. "बाबा, आमाले याच गावात राहाचं आहे."

"म्हणूनच तं पाठवतो," बाबा म्हणाले.

नाल वाजवत मी निघालो. ओसरीवरून पटेल ओरडले, "किसका लड़का है रे?" मी थांबलो, त्यांच्याकडे बघून माझं नाव सांगितलं, मग वडिलांचं, आणि पुढे निघालो. त्याच संध्याकाळी वडिलांचं काम गेलं. आई रडली, मोहल्ला हादरला. बाबांनी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडूनच पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली बाकीची पोरंही माझ्यासोबत निघाली. वडील तिरोडीच्या खाणीवर कामाला लागले. पुढच्या भरतीत साहेब समोर आले तेव्हा मी ताठ उभा होतो, आणि घेतला गेलो.

बाबा गेले तेव्हा मी सरहद्दीवर होतो, सुटी मिळाली नाही. त्याचं दुःख अजून जात नाही. शेवटच्या दुखण्यातली हकीकत आईनं सांगितली. खुद्द पटेल आमच्या मोहल्ल्यात आले होते. बाबांनी "उठवा मले" म्हणत भिंतीला टेकून स्वतःला बसतं करून घेतलं. पटेलांच्या धाकट्याला फौजेत जायचं होतं आणि दोनदा तो भरतीतून परत आला होता. तुमची शिकलेली पोरं त्याला आमच्या वाड्यावर येऊन शिकवतील का, असं ते विचारत होते.

"वाड्यावर कोणी येणार नाही," बाबा म्हणाले. "पोराले बांधीत पाठवा. पर रांगेत जो मांगून आला, थो मांगं उभा राह्यते."

पटेल निघून गेले. दुसऱ्या दिवशी पोरगा आला, आणि रांगेत शेवटी उभा राहिला.