मधल्या फळीतला नवरा

लोक मला विचारतात, "वहिनी, एवढा मोठा खेळाडू घरात, मजा असेल ना?" डोंबलाची मजा! या माणसाने उभ्या जन्मात स्वतःहून चहाचा दुसरा कप मागितलेला नाही. दुसऱ्याला मिळाला की यालाच प्यायल्यासारखं वाटतं.

माझा नवरा फुटबॉल खेळायचा. हौसेखातर नाही हं, पगारावर. एकाच क्लबात सतरा वर्षं, मधल्या फळीत. लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे नक्की काय करायचं असतं?" तर म्हणाला, "मागच्यांकडून बॉल घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा." मी म्हटलं, "म्हणजे पोस्टमन." त्याला राग यायला हवा होता, तर हा खूश! त्याच्या पहिल्या कोचने हेच शिकवलं होतं म्हणे. एका टचला थांबव, दुसऱ्या टचला देऊन टाक. तिसरा टच झाला की मैदानाला फेऱ्या. लहानपणी अंगात मुरलं ते मुरलंच.

संघातले त्याला 'बिजागरी' म्हणायचे. दार फिरतं तिच्यावर, पण तिच्याकडे बघतं कोण? बघणार तोफेकडे. तोफ म्हणजे त्यांचा स्ट्रायकर, आमचे तोफ भावोजी. याने चार जणांच्या मधून वाट काढून बॉल पायाशी नेऊन ठेवायचा, भावोजींनी फक्त ढकलायचा, आणि मग शर्ट काढून मैदानभर धावायचं. आयत्या बिळावर नागोबा! आणि आमचा माणूस मागे उभा राहून टाळ्या वाजवतोय. एकदा मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं होतं. मी मनातल्या मनात सामानसुद्धा बांधलं. पण क्लबचे मालक म्हणाले, "तू गेलास तर तोफेला बॉल कोण देणार?" एवढ्या एका वाक्यावर हा राहिला.

मग गुडघा गेला. दोन ऑपरेशनं झाली. अजून जिना उतरताना कठड्याला धरून आडवा आडवा उतरतो. मालकांनी म्हणे उपकार केले, त्याला नोकरी दिली. कसली? तर सामन्याच्या दिवशी वरच्या काचेच्या खोलीत पाहुण्यांसोबत बसायचं. कोट घालायचा, हात मिळवायचे, फोटो काढू द्यायचे. मी एकदा गेले होते तिथे. जाड काच, एकही खिडकी उघडत नाही, एसीच्या गार वाऱ्याने नाक चोंदतं. खाली हजारो माणसं ओरडत असतात आणि वर ऐकू येतात फक्त चमचे. आवाज हवा तर भिंतीवरचा टीव्ही. तोही मागे पडलेला, खाली गोल होऊन जातो तेव्हा टीव्हीवर अजून बॉल मध्यावर असतो. एका पाहुण्याने विचारलं, "तुम्ही कुठे खेळायचात?" हा म्हणाला, "मध्ये." पाहुणा म्हणाला, "अच्छा, गोलकीपर!" हा हसला आणि त्याला खुर्ची ओढून दिली.

बरं, करार असा की दुसरीकडे कुठे शिकवायचं नाही. आमच्या इमारतीमागे मोकळं मैदान आहे, संध्याकाळी तिथे खेळ चालतो. हा गॅलरीत उभा राहून बघतो. कुणी चुकीचा पास दिला की याचा पाय आपोआप हलतो. मग आत येऊन दार लावून घेतो. रात्री बोलत नाही, झोपत नाही, नुसता छताकडे बघत पडून राहतो. मला भीती वाटायची त्याची. माणूस जिवंतपणी कपाटात ठेवल्यासारखा झाला होता.

आणि मग यंदा धाकट्या संघाच्या कोचची जागा रिकामी झाली. त्या दिवशी मी याला कितीतरी महिन्यांनी शिट्टी वाजवताना ऐकलं. कागदावर खुणा काढून मला समजावत बसला, कुणाला कुठे उभं करणार, काय शिकवणार. मला ओ की ठो कळलं नाही, पण मी तासभर ऐकलं. मी म्हटलं, "हे बघ, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मालकांना तोंडाने सांग, मला हवंय म्हणून. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं." तो म्हणाला, "सांगतो गं."

शनिवारच्या सामन्याला मालक काचेच्या खोलीत आले. पाहुण्यांच्या देखत याच्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, "काय रे, धाकट्या संघाला कोण चांगलं वाटतं?" आता सांगा, याहून सरळ कुणी विचारतं का? शेजारी तोफ भावोजी खुर्चीत पाय पसरून काजू खात होते. याने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि म्हणाला, "साहेब, तोफेला द्या."

घरी येऊन हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं ताट खाली पडलं. "अरे, पण का?"

"माहीत नाही. प्रश्न आला आणि तोंडातून निघून गेलं."

दुसऱ्या दिवशी तोफ भावोजी आले. रडवेले झाले होते बिचारे, त्यांना शिव्या घालायचं ठरवलं होतं ते राहूनच गेलं. म्हणाले, "वहिनी, मला कुठलं जमतंय शिकवायला? मालक मला नंतर म्हणाले, बिजागरीचंच नाव पक्कं होतं. त्याने नुसतं 'मी' म्हणायचं होतं. तुम्ही आज फोन करा, मी केव्हाही बाजूला होतो."

मी लगेच मालकांचा नंबर लावला आणि फोन याच्या हातात कोंबला. "बोल. एवढंच म्हण, मला हवंय."

पलीकडून आवाज आला, "हं, बोल रे." याने घसा साफ केला. भावोजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "साहेब, जरा बायकोला काही सांगायचंय," म्हणाला आणि फोन मला दिला.

"बोला वहिनी," मालक म्हणाले.

मला बोलता आलं असतं. दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मग तिथेही मीच त्याला नेऊन सोडलं असतं, आणि उद्या तिथल्या प्रत्येक गोष्टीसाठी तो कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसला असता. आणि तो माझ्याकडे किती आशेने बघत होता! जीव तुटला माझा. "मला काही नाही सांगायचं, यांनाच सांगायचंय," मी म्हटलं आणि फोन परत त्याच्या कानाला लावला. हात काढला नाही.

"अरे, काय चाललंय? बोल ना," मालक वैतागले.

"साहेब," तो म्हणाला, "मला..."

भावोजी हातवारे करून सांगत होते, बोल, बोल.

"मला विचारायचं होतं," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी किती वाजता येऊ?"